विसार देण्यापूर्वी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ही म्हण रूढ झाली त्या काळी माणूस आपले घर आपल्या देखरेखीखाली बांधून घेत असे. पाया किती खोल गेला, चुना किती दिवस मळला, तुळईला लाकूड कोणते घातले, हे त्याच्या डोळ्यांदेखत होई. आज शहरातला माणूस घर बांधीत नाही, विकत घेतो. आणि तेही रंग देऊन झाल्यावर, फरशी पुसून झाल्यावर, दिवे लावून दाखविलेले. पूर्वीच्या माणसाला वर्ष-दीड वर्षात जे कळत असे, ते आजच्या माणसाने तास-दोन तासांच्या पाहणीत समजून घ्यावयाचे असते. म्हणून घर पाहणे ही आता एक स्वतंत्र विद्या झाली आहे, आणि ती कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत.

मी वकील नव्हे आणि इंजिनिअरही नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. कायदा मी करारनामे वाचून शिकलो, आणि बांधकामाचे जे काही कळते ते गवंडी, सुतार, वायरमन यांच्याबरोबर बसून कळले. आमच्या कचेरीत पगाराची आणि बडतर्फीची गाऱ्हाणी येतात, तशीच अलीकडे घराचीही येतात. कारखाना बंद पडतो, फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती येतात, आणि तीस वर्षांच्या घामाची ती रक्कम एका संध्याकाळी एका सहीनिशी दुसऱ्याच्या हवाली होते. मग पहिल्या पावसाळ्यात तो मनुष्य कागदांची पिशवी घेऊन येतो आणि विचारतो, "भाऊ, आता काय करता येईल?" त्या 'आता'ला माझ्यापाशी बहुतेक वेळा फारसे समाधानकारक उत्तर नसते.

पगारवाढीच्या वाटाघाटींचा ज्याला अनुभव आहे, त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही. करारावर सही होईपर्यंत मालक तुमचे ऐकतो. सही झाल्यावर तो करार दाखवतो. घराच्या व्यवहाराचेही तेच आहे. विसार देईपर्यंत विकणारा, दलाल, सगळे तुमच्या मागे असतात. विसार दिला की तुम्ही त्यांच्या मागे. तुमच्या अंगी जी काही ताकद आहे ती "नाही" म्हणण्याची आहे, आणि ती पैसे देण्यापूर्वीच चालते.

कायद्याचीही दृष्टी अशीच आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आजही लागू आहे. त्याच्या ५५ व्या कलमात असे सांगितले आहे, की घरातला मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितला पाहिजे. परंतु याला एक अट जोडलेली आहे: घेणाऱ्याने साधारण काळजी घेतली असती तरी तो दोष त्याच्या ध्यानात आला नसता, असा तो असला पाहिजे. म्हणजे डोळे उघडे ठेवून जे दिसले असते, त्याबद्दल पुढे तक्रार करून फारसा उपयोग नाही. ही साधारण काळजी म्हणजे काय, तेवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

केव्हा पाहावे

घर एकदाच पाहू नये. निदान तीनदा पाहावे आणि तिन्ही वेळा निराळ्या वेळी. सकाळी पाणी येण्याच्या वेळी जावे. पाणी किती वेळ येते, रोज येते की एक दिवसाआड, नळाला येते की टाकीत चढवावे लागते, टँकर मागवावा लागतो काय, हे त्या वेळी आपोआप दिसते. एक फिटर आपल्या पत्नीसह घर पाहावयास गेला होता. तो दरवाजांची बिजागरे तपासत राहिला. बाईंनी मात्र जाता-येता शेजारच्या चार घरांत डोकावून पाहिले आणि प्रत्येक स्वयंपाकघरात दोन-दोन पिंपे भरलेली आहेत एवढे ध्यानात घेतले. त्या इमारतीला दोन दिवसांआड पाणी होते, हे दलालाने सांगितले नव्हते, पिंपांनी सांगितले.

दुसऱ्या खेपेस भर दुपारी जावे. वरच्या मजल्याचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत यांची धग तेव्हाच कळते. तिसऱ्या खेपेस रात्री जावे, आणि स्टेशनपासून पायी जावे. जाहिरातीत 'स्टेशनपासून दहा मिनिटे' असे असते. ती कोणाच्या पायांनी मोजली ते त्यात लिहिलेले नसते. रस्त्यावर दिवे आहेत काय, पाळी संपवून रात्री अकराला येणाऱ्या मुलीला ती वाट कशी वाटेल, हेही पाहावे. आणि सवड असेल तर व्यवहार पावसाळ्यापर्यंत लांबवून एकदा भर पावसात जावे. आपल्याकडचा पाऊस हा घराचा सर्वांत कडक परीक्षक आहे. पुष्कळ घरे चैत्र-वैशाखात का विकावयास निघतात, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पाणी कोणत्या वाटेने शिरते

घराचे वैरी अनेक असले तरी पहिला वैरी पाणी. घरात ते चार वाटांनी येते, आणि या चार वाटा ज्याने पाहिल्या त्याने निम्मी पाहणी केली.

पहिली वाट वरून. घर वरच्या मजल्यावर असेल तर आधी छत पाहावे. ओल येऊन वाळली की तपकिरी कडांचे डाग राहतात, नकाशातल्या बेटांसारखे. त्यांवर रंग दिला तरी बाजूच्या रंगापेक्षा तो तुकडा ताजा दिसतो. सबंध खोली जुन्या रंगाची आणि एकच कोपरा नवा, असे दिसले की तेथे हात लावून पाहावे. मग गच्चीवर जावे. किल्ली नाही असे सांगितले तर किल्ली मिळेपर्यंत थांबावे. कोब्याला तडे आहेत काय, पाणी साचल्याच्या खुणा आणि वाळलेले शेवाळ आहे काय, कठडा आणि गच्ची जेथे मिळतात तो सांधा उघडा पडला आहे काय, हे पाहावे. गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली असेल तर ती का घातली, हे विचारावे. बहुधा गळतीच त्याचे कारण असते, आणि त्या शेडला परवानगी असतेच असे नाही.

दुसरी वाट बाजूने. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना मारा अधिक. खिडकीच्या खालची भिंत आणि खिडकीच्या चौकटीचे कोपरे पाहावेत. मग खाली उतरून इमारतीची मागची बाजू पाहावी. पुढची बाजू रंगविलेली असते, मागची खरे बोलते. नळ्यांच्या सांध्यांतून गळून भिंतीवर काळे ओघळ आले असतील, फटीतून पिंपळाचे रोप उगवले असेल, तर त्या फटीत बारमहा ओल आहे आणि मूळ आत उतरत आहे असे समजावे.

तिसरी वाट खालून. तळमजल्याच्या घरात जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते. दिव्याच्या वातीतून तेल चढते तशीच. ती अडविण्यासाठी जोत्याच्या पातळीवर पाणी न शोषणारा थर घालावा लागतो. तो घातला नसेल तर भिंतीवर गुडघ्याएवढ्या किंवा कमरेएवढ्या उंचीपर्यंत खार फुटतो, गिलाव्याचे पोपडे निघतात. ही ओल रंगाने जात नाही, आणि मागाहून तो थर घालणे खर्चाचे काम आहे. कपाट भिंतीला लावून ठेवले असेल तर ते चार बोटे पुढे सरकवून मागे पाहू द्या, असे नम्रपणे म्हणावे. नकार मिळाला तरी काही कळतेच.

चौथी वाट घरातूनच. वरच्या बिऱ्हाडाची मोरी आणि संडास यांची गळती तुमच्या छतावर दिसते, आणि तुमची गळती खालच्याच्या छतावर. म्हणून घर घेणाऱ्याने खालच्या मजल्यावर जाऊन त्या बिऱ्हाडकरूचे छत पाहिलेच पाहिजे. त्याच्या मोरीचे छत ओले असेल तर ते भांडण तुम्ही घराबरोबर विकत घेत आहात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-मोरीच्या गळतीचा खर्च सभासदाने करावयाचा असतो, आणि गच्चीच्या गळतीचा संस्थेने. यानंतर मोरीत दोन तांबे पाणी ओतून पाहावे. ते उताराने जाळीकडे गेले तर ठीक. उंबऱ्याकडे वळले किंवा मध्येच थांबले, तर फरशी काढून पुन्हा बसविण्याचा खर्च हिशेबात धरावा.

भेगा वाचावयास शिकावे

भेग दिसली की काही जण घाबरतात, आणि काही जण "सगळीकडेच असतात" म्हणून सोडून देतात. दोन्ही चूक. भेगेला जात असते; ती ओळखावी.

गिलाव्यावर जाळ्यासारख्या केसाएवढ्या बारीक भेगा असतात, त्या गिलावा लवकर सुकल्याने पडतात. त्यांत धोका नाही. काँक्रीटची तुळई किंवा खांब आणि विटांची भिंत जेथे मिळतात, तेथे सरळ रेघेसारखी भेग पडते. ऊन-पावसात दोन पदार्थ निरनिराळे प्रसरण पावतात म्हणून ती येते, आणि तिची दुरुस्ती होते. खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी भेग मात्र निराळी. पाया एका बाजूला खचत असला म्हणजे अशी भेग पडते. त्याच जागी वरच्या आणि खालच्या मजल्यावरही ती आहे काय, जवळचा दरवाजा चौकटीत घासतो काय, हे पाहावे. जुने गवंडी अशा भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून त्यावर तारीख घालून ठेवतात. भेग हलती असेल तर काच तडकते. विकणारा राजी असेल तर तुम्हीही महिनाभर हा प्रयोग करून पाहावा.

सर्वांत वाईट भेग खांबाच्या किंवा तुळईच्या अंगावर, आतल्या सळईच्या रेषेत उभी-आडवी जाते, आणि तिच्या कडेला तांबूस डाग असतो. तेथे आतले लोखंड गंजत असते. चांगल्या काँक्रीटमध्ये लोखंड सुरक्षित राहते, कारण काँक्रीट क्षारधर्मी असते. हवेतला कार्बन डायॉक्साइड आणि ओल काँक्रीटमध्ये शिरत शिरत सळईपर्यंत पोचली, किंवा खारे पाणी, खारी वाळू वापरली गेली, की हे संरक्षण जाते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. तो आतून काँक्रीट फोडतो, भेग मोठी होते, तीतून आणखी पाणी जाते आणि गंज वाढतो. म्हणून ही भेग वरवर लिंपून थांबत नाही. ती शोधावयाची तर दिवाणखान्यात जाऊ नये. तळमजल्यावरचे गाड्या लावण्याच्या जागेतले खांब, मीटरची खोली, जिन्याखालची जागा, पाण्याच्या टाकीखालच्या तुळया पाहाव्यात. तेथे रंगारी फारसा पोचत नाही. नाण्याने ठोकून पाहावे. भरीव आवाज आला तर चांगले. पोकळ आवाज आला तर आवरण सुटले आहे.

इमारत जुनी असली तर तिच्या मजबुतीची तज्ज्ञाकडून तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावयास हवी. अहवाल पाहावयास मागावा. मात्र नवी इमारत म्हणून निर्धास्त राहू नये. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे कोसळलेली पाच मजली इमारत काही जुनीपुराणी नव्हती. तीत सोळा माणसे गेली. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथे जी कोसळली, तिचे तर बांधकामच चालू होते आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहत होती. तेथे चौऱ्याहत्तर जीव गेले.

वाडा किंवा जुने लाकडी घर घेणाऱ्याने तुळयांची टोके पाहावीत. तुळई मध्ये ठणठणीत असते आणि भिंतीत घुसलेल्या टोकाशी कुजते, कारण ओल तेथे राहते. टोचा किंवा पेचकस टोकाशी दाबून पाहावा. लोण्यासारखा आत गेला तर घर स्वस्त मिळाले तरी महाग आहे. भिंतींवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. आणि जाड भिंत म्हणजे मजबूत घर, ही समजूत सोडून द्यावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनीच पुष्कळ माणसे मारली.

जमीन आणि पूर

घर ज्या जमिनीवर आहे ती पूर्वी काय होती, हे तेथल्या म्हाताऱ्या माणसास विचारावे. तो सांगेल, "येथे खाजण होते," "येथे नाला वाहत असे," "येथे खाण बुजविली." नाला बुजविला तरी पाण्याला आपली जुनी वाट ठाऊक असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत मिठी नदी आहे हे पुष्कळांना प्रथमच कळले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह अडकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण. पुण्याच्या नदीकाठची जुनी माणसे १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पाण्याची उंची अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

नदीकाठच्या घराबाबत दोन शब्द लक्षात ठेवावेत: निळी रेषा आणि लाल रेषा. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. आपले घर या रेषांच्या कोणत्या बाजूस आहे, हे पाटबंधारे खात्याच्या किंवा नगरपालिकेच्या नकाशावर पाहून घ्यावे. निळ्या रेषेच्या आतले घर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेप आणि टेस्टर

खिशात मोजपट्टी ठेवावी. समजा, सहाशे पन्नास चौरस फुटांचे घर, दर सहा हजार, किंमत एकोणचाळीस लाख, असे सांगितले. तुम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजले आणि चारशे तीसच चौरस फूट भरले. मग तुमचा खरा दर सहा हजार नसून नऊ हजार सत्तरच्या घरात जातो. उरलेली दोनशे वीस फूट जागा जिना, लिफ्ट, बाहेरच्या भिंती यांत आहे. ती सोय असेल, पण तीत खाट टाकता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने नव्या घरांचे क्षेत्र चटईक्षेत्रातच सांगावयाचे ठरविले आहे, आणि त्याची व्याख्याही दिली आहे: आतल्या भिंती धरून वापरण्याजोगी जागा, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची वगळून. तरीही जुन्या घरांच्या व्यवहारात 'बिल्टअप', 'सुपर बिल्टअप' हे शब्द चालूच आहेत. शब्द त्यांचा असू द्यावा, मोजपट्टी आपली असावी.

विजेचे थोडक्यात सांगतो. मुख्य बोर्ड उघडून पाहावा. अर्थिंग आहे काय, गळतीचा प्रवाह तोडणारे स्विच बसविले आहे काय, तारा जुन्या, कडक झालेल्या आहेत काय, हे वायरमन दहा मिनिटांत सांगतो. त्याला त्याची मजुरी द्यावी.

कागद

भिंत तपासली तरी काम निम्मेच झाले. कागद पक्के नसतील तर भिंत पक्की असून उपयोग नाही. कागदाचे मूळ सूत्र एकच ठेवावे: झेरॉक्सवर विश्वास ठेवू नये. जो दाखला ज्या कचेरीने दिला, त्या कचेरीत जाऊन तो खरा आहे काय ते पाहावे. हे मी उगाच सांगत नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत पासष्ट इमारतींनी बांधकाम परवानगीचे बनावट कागद दाखवून रेराची नोंदणी मिळविली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घर घेणाऱ्यांपाशी कागद होता, नोंदणी क्रमांक होता, पुष्कळांना बँकेचे कर्जही मिळाले होते. नालासोपाऱ्यात एकेचाळीस बेकायदा इमारती अशाच न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, आणि शेकडो कुटुंबे भांडी-कुंडी घेऊन रस्त्यावर आली. घरपट्टीची पावती आणि विजेचे मीटर म्हणजे अधिकृतपणाचा पुरावा, असे दलाल सांगतो. तसे मुळीच नाही. बेकायदा घराचीही घरपट्टी घेतली जाते.

तेव्हा पाहावयाचे कागद असे. जमिनीचा सातबारा किंवा शहरात मालमत्ता पत्रक. त्यात नाव कोणाचे, आणि 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा, कुळ, दावा यांची नोंद आहे काय. जमीन 'भोगवटादार वर्ग २' असेल तर सरकारी परवानगीवाचून ती विकता येत नाही. मग मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, आणि सर्वांत महत्त्वाचा भोगवट्याचा दाखला. नकाशातले मजले मोजावेत आणि रस्त्यावर उभे राहून इमारतीचे मजले मोजावेत. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

त्यानंतर मालकीची साखळी. बिल्डरकडून पहिल्याने घेतले, पहिल्याकडून दुसऱ्याने घेतले, अशा प्रत्येक कड्याचा नोंदलेला करार मूळ स्वरूपात पाहावा. मूळ कागद विकणाऱ्यापाशी नसतील तर ते बहुधा कोठेतरी गहाण आहेत. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील सूची क्रमांक दोनवरून तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर विकले जात असेल तर तेथून उठावे. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. मूळ मालक वारला असेल तर सर्व वारसांच्या सह्या हव्यात. संस्थेच्या दप्तरी जो नॉमिनी असतो तो मालकच असतो असे नाही, आणि गावी राहणारी बहीणही वारस असते.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेताना रेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचे पान उघडून वाचावे. करार नोंदविण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला मागता येत नाही. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष निघाला तर तो त्याने विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. म्हणून ताबा घेतल्याच्या दिवशी दोषांची यादी लिहून तिच्यावर पोच घ्यावी.

शेजार

घराबरोबर माणूस एक संस्थाही घेतो. गृहनिर्माण संस्थेचे मागच्या दोन-तीन वर्षांचे हिशेब आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहावयास मागावे. विकणाऱ्याची थकबाकी किती, दुरुस्तीचा निधी आहे की नाही, मोठ्या दुरुस्तीची वर्गणी डोक्यावर आहे काय, हे त्यात सापडते. एक प्रश्न अवश्य विचारावा: जमीन संस्थेच्या नावे झाली आहे काय? १९६३ च्या फ्लॅट मालकीच्या कायद्यानुसार बिल्डरने ती करून द्यावयाची असते. पुष्कळांनी वर्षानुवर्षे दिली नाही, म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात करावी लागली. इमारत जीर्ण होऊन पुन्हा बांधावयाची वेळ येते, तेव्हा जमीन कोणाची हा प्रश्न पहिला येतो. लिफ्टच्या दाराशी थांबून दोन बिऱ्हाडकरूंशी आणि पहारेकऱ्याशी बोलावे. घर विकण्यात ज्याचा लाभ नाही, त्याच्याकडून खरी माहिती मिळण्याचा संभव अधिक.

एकट्याने जाऊ नये

"बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे तपासणी झालीच," असे पुष्कळ जण म्हणतात. बँक तपासणी करते, पण ती आपले पैसे सुरक्षित आहेत काय हे पाहण्यासाठी. तुमच्या मोरीचे पाणी कोणीकडे वाहते याची चौकशी ती करीत नाही. दलालाला दलाली व्यवहार झाला तरच मिळते. तेव्हा केवळ तुमचे हित पाहणारा मनुष्य या सगळ्यांत एकही नाही. तो तुम्हाला बरोबर न्यावा लागतो.

सापडलेल्या सर्व गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात आणि त्यांचे तीन भाग करावेत. दुरुस्त होण्याजोगे दोष, म्हणजे फरशी, रंग, तारा. त्यांचा खर्च गवंड्याकडून काढून किमतीतून वजा मागावा. दुसऱ्या भागात शंकास्पद गोष्टी, जसे हलती भेग किंवा न सापडणारा एखादा कागद. तेथे तज्ज्ञाला किंवा वकिलाला फी देऊन बोलवावे. घराच्या किमतीपुढे ती फी काहीच नाही. तिसऱ्या भागात गंजलेले खांब, पूररेषा, भोगवट्याचा दाखला नसणे, वारसांचे भांडण. यांतली एकही गोष्ट निघाली तर घर सोडावे, ते कितीही मनात भरले असले तरी. आणि विसार दिलाच तर विसारपावतीवर लिहून घ्यावे, की कागद निर्वेध न निघाल्यास सर्व रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल. तोंडी शब्दावर विसंबू नये.

शेवटी एक सूचना करतो. प्रत्येक कामगार संघटनेत, प्रत्येक वाचनालयात, प्रत्येक वाडीत चार माणसांचे एक घर-पाहणी मंडळ असावे: एक गवंडी, एक वायरमन, एक कागद वाचणारा, आणि संसार केलेली एक बाई. कोणी घर घ्यावयास निघाला की या चौघांनी रविवारी सकाळी त्याच्याबरोबर जावे. त्याने त्यांना चहा पाजावा, याहून अधिक खर्च नाही. एकटा मनुष्य गोड बोलण्याला भुलतो, घाईला बळी पडतो, आणि "उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे" या धमकीने घाबरतो. पाच जण असले की कोणी तरी खाली वाकून भिंतीचा पाया पाहतो, कोणी वर पाहतो, आणि कोणी तरी म्हणतो, "अजून एकदा पावसात येऊन जाऊ." आपल्या गावात असे एखादे मंडळ याच पावसाळ्यापूर्वी उभे राहिले, तर पिशवीत कागद घेऊन मागाहून येणारा निदान एक तरी मनुष्य कमी होईल.